ऐकायची पुस्तकं आणि ॲपची दुकानं

मराठी पुस्तकं मोठ्याने वाचून, ध्वनिमुद्रित करून, ज्यांची नजर गेली आहे किंवा जाऊ लागली आहे त्यांच्यापर्यंत पोचवायची, हे काम आम्ही काही जण नाशिकमध्ये 2014 पासून करतो आहोत. वाचणारे बहुतेक निवृत्त शिक्षक आहेत, संगणकाची बाजू माझ्याकडे. पुस्तक निवडणं, वाचणं, अडखळलेली वाक्यं पुन्हा घेणं याला वेळ लागतो, पण ते सगळं आपल्या हातातलं असतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तयार झालेला आवाज काचबिंदू झालेल्या एखाद्या आजींच्या फोनमध्ये जाणार कसा, आणि उद्या तो फोन बदलला तरी त्यांच्यापाशी राहणार कसा? या प्रश्नापायी मी ॲपच्या एकेका दुकानाचा उंबरठा चढले, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. काम आपल्या स्वतःच्या वेबपत्त्यावर असू द्यावं आणि दुकानांमध्ये फक्त त्याची पाटी लावावी.

पहिलं पुस्तक घेतलं ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं, हे कारण होतंच. पण कायद्याचं कारण त्याहून मोठं होतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून ते पुस्तक कुणीही वाचावं, ध्वनिमुद्रित करावं, वाटावं. शिवाय त्याची बांधणीच ऐकण्यासाठी केल्यासारखी आहे. श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. आम्ही एका रात्रीची एक फाइल केली.

ध्वनिमुद्रण ऐन उन्हाळ्यात झालं. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, दारावर गोधडी टांगलेली. आमच्यातल्या एक बाई पुस्तकातल्या शेवटच्या रात्रींचं वाचन करत होत्या. आईच्या आजारपणाशी आल्या की थांबायच्या, डोळे पुसायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून घ्यायच्या. तुकडा जोडून देते म्हटलं तर म्हणाल्या, “नको, जोड ऐकू येतो.” त्यांच्या या निष्ठेपुढे माझ्याकडून काही कमी राहू नये असं मला फार वाटायचं. गाण्यासाठी वापरतात तसा 128 किलोबिटचा आवाज ठेवला असता तर तासाला साडेसत्तावन्न एमबी लागले असते. बोलण्याला एकाच वाहिनीचं 48 किलोबिटचं एमपी3 पुरतं, म्हणजे तासाला साडेएकवीस एमबी. गावाकडच्या तेव्हाच्या नेटवर हा फरक फार मोठा होता.

2014 च्याच ऑगस्टमध्ये इंटेक्सचा ‘क्लाउड एफएक्स’ हा फोन 1,999 रुपयांना बाजारात आला. रॅम अवघी 128 एमबी, पडदा साडेतीन इंचांचा, आणि आत मोझिलाची ‘फायरफॉक्स ओएस’. त्या फोनवरचं प्रत्येक ॲप हे वेबच्याच सामानाने, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टने, बनवलेलं असायचं. ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या छोट्याशा फाइलीत ॲपचं नाव, चिन्ह आणि पत्ता लिहायचा. मग दोन वाटा. सगळं झिप करून मोझिलाच्या मार्केटप्लेसमध्ये ठेवा, नाहीतर सगळं आपल्याच सर्व्हरवर ठेवून तिथे नुसती नोंद करा. मी दुसरी वाट धरली. आपल्या स्वतःच्या पानावर ‘ॲप बसवा’ असं बटण ठेवून मार्केटप्लेसला वगळण्याचीही मुभा होती. ॲपची जेवढी दुकानं मी पाहिली त्यांत इतकं मोकळं दुसरं पाहिलं नाही, आणि ते टिकलं नाही याचं मला वाईट वाटतं. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलाने फोनचं काम आवरत असल्याचं जाहीर केलं, 2018 मध्ये मार्केटप्लेसही बंद झालं. आमच्या ऐकणाऱ्यांचं मात्र काही अडलं नाही. पुस्तक आमच्या पत्त्यावर होतं, ते कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडत राहिलं.

फायरफॉक्स ओएसचा कोड खुला होता. त्यातूनच ‘कायओएस’ उभी राहिली आणि 2017 मध्ये ती जिओफोनमधून आपल्याकडे घरोघरी आली. परत मिळणारी 1,500 रुपयांची अनामत भरून घ्यायचा तो फोन. आमची जुनी मॅनिफेस्ट फाइल त्यावर किरकोळ बदल करून चालली. पण मला त्या फोनचं मोल त्याच्या बटणांमुळे वाटलं. गुळगुळीत काचेवर बोटाला काही सापडत नाही. बटणांच्या फोनवर पाचच्या आकड्यावर बारीक उंचवटा असतो, तो लागला की बाकीचे आकडे आपोआप कळतात. म्हणून आम्ही सगळा कारभार त्या उंचवट्याभोवती मांडला. पाच म्हणजे सुरू किंवा बंद. चार आणि सहा म्हणजे अर्धा मिनिट मागे-पुढे. दोन आणि आठ म्हणजे आधीची रात्र, पुढची रात्र. शून्य दाबलं की कुठे आहोत ते आवाजात कळायचं, आणि तो आवाजही पुस्तक वाचणाऱ्या बाईंचाच.

हे सगळं पारखून दिलं सिन्नरच्या एका काकांनी. एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतर मधुमेहाने नजर गेली. फोन हातात घेऊन बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, “ताई, शून्य दाबलं की ही नुसतं ‘रात्र नववी’ म्हणते. किती झालं ते नाही सांगत.”

“किती मिनिटं राहिली ते सांगायला लावू का, काका?”

“मिनिटांचा हिशेब कुठं करत बसू? निम्मी झाली का ते सांगा. म्हणजे झोपायचं का ऐकायचं ते ठरवता येतं.”

त्याच आठवड्यात बाईंनी तीन शब्द ध्वनिमुद्रित करून दिले: पाव, निम्मी, पाऊण. ‘रात्र नववी, निम्मी झाली.’ आजही ॲपमध्ये तेच आहे. एखाद्या मोठ्या कंपनीच्या तयार प्लेअरमध्ये हे शब्द आम्हाला कधी घालता आले नसते. त्या फोनच्या दुकानासाठी आम्ही फक्त छोटासा प्लेअर झिप करून पाठवला. तपासणाऱ्यांनी मागे जाण्याच्या बटणाबद्दल काही दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्यावर तो मंजूर झाला. पुस्तकं आमच्याच पत्त्यावरून वाजत होती, त्यामुळे एखादी चुकलेली ओळ बदलायची तर दुकानाला विचारावं लागत नव्हतं.

पुढे घरोघरी मुलांचे जुने अँड्रॉइड फोन आईवडिलांकडे येऊ लागले. वेबचं ॲप फोनवर बसवण्याची सोय तोवर चांगली रुळली होती. ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप’ हे नाव ॲलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरीमन यांनी 2015 मध्येच दिलं होतं. ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा कोड फाइली फोनमध्ये साठवून ठेवतो, मग नेट नसलं तरी ॲप चालतं. आम्ही चालू रात्र आणि तिच्या पुढच्या दोन रात्री अशा साठवून ठेवत होतो. ब्राउझरच्या मेनूत ‘होम स्क्रीनवर जोडा’ दाबलं की झालं. पण त्या ओळीपर्यंत कुणाचं बोट जात नव्हतं. काकांचा नवा फोन लावून देणारा मोबाइलच्या दुकानातला मुलगा मला फोनवर म्हणाला, “मॅडम, लिंक नका पाठवू. अनोळखी लिंकवर दाबू नका, असं आम्हीच सगळ्यांना बजावतो. प्ले स्टोअरला आहे का?” त्याचं बरोबरच होतं. फसवणुकीच्या बातम्या रोज येत असताना म्हाताऱ्या माणसाने लिंकवर विश्वास का ठेवावा? ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूची हमी वाटते, आणि ती हमी आमच्या ऐकणाऱ्यांना हवी होती.

म्हणून 2024 च्या सुरुवातीला मी प्ले स्टोअरचं खातं काढलं. एकदाच भरायचे 25 डॉलर. वेबचं ॲप तिथे ठेवायची रीत 2019 पासून आहे: क्रोम 72 बरोबर ‘ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी’ आली. अँड्रॉइडचं एक पातळ आवरण बनवायचं, ते उघडल्यावर आत पडदाभर आपलं वेबपान. ‘बबलरॅप’ नावाचं मोफत साधन हे आवरण बनवून देतं, एक-दोन एमबीचं. ॲप आणि वेबपत्ता एकाच मालकाचे आहेत हे मात्र सिद्ध करावं लागतं. त्यासाठी ॲपवर सही करणाऱ्या किल्लीचा ठसा, 64 चिन्हांचा, एका फाइलीत लिहून आपल्या सर्व्हरवर ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा. इथे एक मेख आहे, ती या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. प्ले स्टोअर ॲप लोकांना देताना त्यावर स्वतःजवळच्या किल्लीने पुन्हा सही करतं. म्हणून आपल्या किल्लीच्या ठशाबरोबर त्यांच्या कन्सोलमध्ये दिसणारा तो दुसरा ठसाही लिहावा लागतो. ठसा जुळला नाही तरी ॲप चालतं, फक्त वरच्या बाजूला ब्राउझरची पट्टी दिसत राहते. डोळस माणसाला तिचं काही वाटणार नाही. पण टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, लावून फोन वापरणाऱ्याचं बोट आधी त्या पट्टीवर पडतं, आणि पुस्तकाऐवजी इंग्रजी पत्ता कानावर येतो. आमच्यासाठी ती 64 चिन्हं नीट बसणं पुस्तकाच्या उच्चारांइतकंच महत्त्वाचं होतं.

नोव्हेंबर 2023 पासून नव्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट होती: ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी 20 माणसांनी ते सलग 14 दिवस चाचणीत ठेवलं पाहिजे. (पुढे ही संख्या 12 वर आली.) ऐकणाऱ्यांचीच नावं दिली असती तर बरं झालं असतं, पण अनेकांच्या फोनमधला जीमेल नातवाने कधीतरी काढून दिलेला, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. शेवटी नातवंडं, सुना, शिक्षकांचे जुने विद्यार्थी अशी वीस माणसं जमली. कॉलेजात जाणाऱ्या एका नातीने आजीसाठी नाव नोंदवलं आणि चाचणी म्हणून ऐकता ऐकता स्वतःच सगळी ‘श्यामची आई’ ऐकून काढली. तिने मला सविस्तर लिहून पाठवलं की दोन रात्रींच्या मध्ये थोडी शांतता हवी, लगेच पुढची सुरू होते ते बरं वाटत नाही. आम्ही ती ठेवली.

दुकानात नाव लिहायला 30 चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘श्यामची आई’ डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, मोजणीत दहा चिन्हं होतात. शोधणारे बहुतेक जण रोमनमध्ये टाइप करतात, म्हणून वर्णनात रोमन स्पेलिंगही घालावं लागलं. फेब्रुवारी 2024 मध्ये फोनपेचं ‘इंडस ॲपस्टोअर’ सुरू झालं, मराठीसह 12 भारतीय भाषांत. तिथेही पाटी लावली. आणखी एका दुकानाने मात्र ‘हे नुसतं वेबपान आहे’ म्हणून परत पाठवलं. तिथल्या फोनवाल्यांना आम्ही ब्राउझरमधून ऐकायला शिकवतो आणि ते ऐकतात.

आता प्रश्न पैशांचा आला आहे, कारण हयात लेखकांची पुस्तकं आम्हाला हवी आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रत विना-नफा बनवू देतो. पण सार्वजनिक दुकानातलं ॲप कुणीही उतरवू शकतो, तिथे ती सवलत पुरत नाही. लेखकाची परवानगी आणि मानधन हवंच, आणि ते द्यायलाही हवं असं मला मनापासून वाटतं. शंभर रुपयांचं पुस्तक ॲपच्या आतून विकलं तर प्ले स्टोअर आमच्यासारख्या छोट्यांकडून 15 रुपये घेतं. गुगलऐवजी पर्यायी बिलिंग वापरलं तर 11, वर पेमेंटचा खर्च वेगळा. गुगलचंच बिलिंग वापरण्याच्या सक्तीवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 936.44 कोटींचा दंड केला होता, अपिलात मार्च 2025 मध्ये तो सुमारे 216 कोटींवर आला. आमच्या पत्त्यावर यूपीआयने पैसे घेतले तर जानेवारी 2020 पासून व्यापारी शुल्कच नाही, जवळजवळ सगळे शंभर हातात येतात. म्हणून विक्री फक्त वेबवर करायची असं आम्ही ठरवलं आहे. दुकानातून आलेलं ॲप सुरू होताना पत्त्याला एक खूण जोडलेली असते. ती दिसली की विक्रीचं पान लपतं आणि तिथे फक्त ऐकायचं पान राहतं. दुकानाचा नियमही पाळला जातो.

पहिल्या परवानगीसाठी मी पुण्याच्या एका ज्येष्ठ लेखिकांकडे गेले. रकमेबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: “उद्या त्या दुकानाने तुमचं ॲप काढून टाकलं, तर ज्यांनी माझं पुस्तक घेतलं त्यांच्याकडे ते राहील ना?” राहील, असं मी त्यांना सांगितलं, आणि नुसत्या शब्दावर न ठेवता करारात दोन कलमं घातली. विकत घेणाऱ्याला कुलूप नसलेली एमपी3 फाइल मिळेल, ती तो कुठल्याही फोनवर वाजवू शकेल. आणि आमचा पत्ता बंद करायची वेळ आलीच, तर सहा महिने आधी प्रत्येक ऐकणाऱ्याला आवाजात कळवलं जाईल. दुसरं कलम त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं: सहाच्या जागी बारा महिने. मग सही केली.