नवलाचा संपादक

मासिकांच्या साऱ्या संपादकांत मला कीव येते ती अद्भुताच्या संपादकाची. विनोदी मासिकाच्या संपादकाला स्वतःला हसू फुटले की मजकूर छापायला हरकत नसते. पण दरमहा नवे आश्चर्य आणायचे कुठून? आणि आणलेच, तर पुढच्या महिन्यात वाचक त्याहून मोठे मागणार!

अनंत अंतरकरांनी हा उद्योग आपण होऊन पत्करला. ‘सत्यकथे’च्या संपादनात मुरलेला हा माणूस. १९४६ साली त्यांनी ‘हंस’ काढला. पुढे विनोदासाठी ‘मोहिनी’ आणि गूढ, भय, साहस, विज्ञान यांसाठी ‘नवल’. भुताखेतांच्या गोष्टी म्हणजे पोरासोरांचे वाचन, अशी शिष्टांची समजूत होती. अंतरकरांनी त्या गोष्टींना स्वतंत्र घर दिले, हे मला त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात धाडसाचे वाटते.

नेवाशाला आमच्याकडे ‘नवल’चा अंक आला की मोठ्याने वाचायचे काम माझ्याकडे असे. एका दिवाळीला आत्या आली होती. तिचे सासर शनिशिंगणापूर; म्हणजे घरांना चौकटी आहेत, पण दारे नाहीत, असे आमच्याच तालुक्यातले गाव. मी झपाटलेल्या वाड्याची गोष्ट रंगात येऊन वाचत होतो. मध्यरात्री वाड्याचे दार आपोआप उघडते, या जागी आईने पदर तोंडाला लावला. आत्या सोऱ्या फिरवीत होती. ती म्हणाली, “उघडलं तर उघडलं. दाराला दुसरं काम काय?”

गोष्टीतले भूत तिथेच मेले! त्याच संध्याकाळी आईने फराळाच्या कपाटाला कुलूप घातले, तेव्हा मात्र आत्या थक्क झाली. “वहिनी, लाडवांना कुलूप?” असे नवल तिने जन्मात पाहिले नव्हते.

मामा रात्रीचे उसाला पाणी द्यायला जात. ती दोन लेकरे घेऊन उघड्या घरात निजे. भीती नाही वाटत का, असे मी विचारले. “कुत्र्यासाठी फळी लावते,” ती म्हणाली. “माणसाचं शनिदेव बघतो.” मग सोऱ्यात पीठ भरता भरता म्हणाली, “आणि शेजारीण जागी असते. ती निजली की मी जागते.”

हे संपादकांना लिहून कळवावे, असे मला फार वाटे. पण अंतरकर १९६६ मध्ये गेले. तिन्ही मासिकांचा भार मग त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर यांनी उचलला, आणि तोही काही थोडाथोडका नव्हे.

२०१० मध्ये शिंगणापुरात एका भाविकाच्या गाडीतून रोकड गेल्याची तक्रार झाली. पुढच्याच वर्षी तिथे एका बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली. वर्तमानपत्रांना दोन्ही बातम्या नवलाच्या वाटल्या. थकलेल्या आत्याला मी दुसरी वाचून दाखवली. ती जरा वेळ गप्प राहिली आणि तिने विचारले,

“बँकेच्या शेजारी रात्री कोण राहतं रे?”