पायातले काळे दाणे

१८ जून
माण तालुक्यातले एक मेंढपाळ आजोबा ओपीडीत आले. उजवं पाऊल दुपटीनं सुजलेलं, तळव्याला भोकं, त्यांतून चिकट पाणी. "बाभळीचा काटा मोडला हुता, लई वर्सं झाली. दुखत न्हाई, मग कशाला दवाखाना?" सिस्टर जुनी पट्टी टाकणार तेवढ्यात गॉजवर खसखशीएवढे काळे दाणे दिसले. पट्टी ठेवून घेतली. मायसेटोमा, जुन्या पुस्तकांतला मदुरा फूट.

१९ जून
एक्स-रेत पायाच्या मधल्या हाडांना मोठाली भोकं. काट्याबरोबर मातीतली बुरशी आत जाते आणि वर्षानुवर्षं कातडीखालून हाडापर्यंत सरकते. दाणा म्हणजे तिच्या धाग्यांचा घट्ट गोळा. औषध त्यात सहज शिरत नाही.
हुबेहूब असाच आजार जिवाणूंमुळेही होतो आणि त्याला अँटिबायोटिक चालतं. काळे दाणे बुरशीचे. पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात. म्हणून अंदाजानं गोळ्या देणं मला पटत नाही. खोलातून बायोप्सी घेतली. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा कल्चरसाठी सलाइनमध्ये. दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये गेले तर कल्चर संपलंच, म्हणून बाटल्यांवर नावं मीच घातली.

२ जुलै
रात्री कार्टरबद्दल वाचलं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा, पुढं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. मायसेटोमावरचा त्याचा ग्रंथ १८७४ चा. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत हे नाव आलं ते २०१६ साली! अनवाणी, गरीब माणसांचा आजार; उशीर होणारच. संताप येतो.

३० जुलै
कल्चर आलं: मॅड्युरेला, म्हणजे बुरशीच. इट्राकोनॅझोल सुरू केलं. गोळ्या महिनोन्‌महिने चालतील, मध्ये लिव्हरच्या तपासण्या, गाठ आवळली की शस्त्रक्रिया. तरीही आजार उलटू शकतो, हे आजोबांच्या मुलाला स्पष्ट सांगितलं. "पाय ऱ्हाईल का?" आजोबांनी विचारलं. प्रयत्न तोच आहे, म्हटलं. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

६ ऑगस्ट
आशाताईंच्या बैठकीत एवढंच सांगितलं: काटा मोडलेल्या जागी न दुखणारी गाठ वाढत असेल, तर दुखायची वाट पाहू देऊ नका. पट्टीवर दाणे दिसले तर ती पट्टी फेकू नका, पेशंटबरोबर माझ्याकडे पाठवा.