फौंड्रीतली सापशिडी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवस वर्ग, शेवटी परीक्षा. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, तापवून पूर्ण कोरडी केल्याशिवाय तिच्यात रस घ्यायचा नाही, हे सगळे बरोबर लिहायचे. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. त्याखाली पाणी अडकलं, तर त्याची वाफ सोळाशे पटीहून जास्त फुगते आणि रस माणसांच्या अंगावर उसळतो. तरी पैकीच्या पैकी मार्क घेतलेली पोरं सोमवारी घाईत बर्नर लवकर बंद करायची. हे बघून पोटात गोळा यायचा.

म्हणून सापशिडी सुचली. ती मुळात शिकवणारा खेळ. ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात. आम्ही कॅन्टीनच्या भिंतीवर शंभर घरांचा पट रंगवला. फासा नाही, वर्गात शिकलेली गोष्ट कामात दिसली की सोंगटी पुढे. दोन शिफ्टना पोरांनीच नावं दिली, शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेली पोरं ती, चुरस लावावी लागली नाही.

रिजेक्शनला, म्हणजे बिघडून नाकारलेल्या जॉबना, मी साप ठेवला होता. पंधरवड्यात आकडा निम्म्यावर आला. मी सगळ्यांना तो तक्ता दाखवत हिंडत होतो. मग फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेले जॉब साफ करणाऱ्या विभागातल्या, एका मामांनी मला बाजूला घेतलं. ‘‘साहेब, जॉब बिघडायचं काय कमी झालं न्हाई. नोंद व्हायच्या आधीच भट्टीत जायला लागल्यात.’’

खरं होतं. ब्लो होलचे, म्हणजे आत पोकळी राहिलेले, जॉब पोरं फोडून भंगारात मिसळत होती. लपवायला मीच शिकवलं होतं.

त्याच संध्याकाळी तो साप पुसला. बिघडलेला जॉब स्वतः आणून दाखवला आणि कारण शोधलं, वाळू ओली होती की साच्याला वाफ जायला वाट नव्हती, की शिडी. रिजेक्शनचा आकडा पुन्हा चढला. वरून विचारणा झाली. मी पट काढला नाही.

महिन्याभरानं रात्रपाळीत सगळ्यात नव्या पोरानं ओतकाम थांबवलं. ‘‘लॅडल ओली हाय. ओतायचं न्हाई.’’ भट्टीत रस तयार होता, सुपरवायझर घड्याळ बघत होता. लॅडल पुन्हा तापवण्यात चाळीस मिनिटं गेली. फेटलिंगमधले मामा मंगळवार पेठेचे, पोरगं शिवाजी पेठेचं. सकाळी शिफ्ट बदलताना मामांनीच शिवाजी पेठेची सोंगटी उचलली आणि सगळ्यात लांब शिडीच्या टोकाला नेऊन ठेवली.