नोटीस बोर्डावरचा नंबर

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर अग्निशमन दल, रुग्णवाहिका, गॅस असे नंबर होते. त्याखाली मी १४४१६ लिहिला. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, इथे कोण वेडं आहे?"

म्हटलं, "गॅसचा नंबर आहे म्हणून घरोघरी गळती आहे का हो?"

नोकरीत असताना हजेरीपटातलं एक नाव लाल शाईने खोडावं लागलं होतं. दहावीचा मुलगा. असा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नव्हे, उपचार हवेत, हे २०१७च्या कायद्याने मान्य केलं. त्या वेळी कायदाही नव्हता, नंबरही नव्हता. आता आहे, तर आपापल्या जिन्यात लिहून ठेवा. लागेल त्याला कुणाला विचारावं लागू नये.