शीत लावलेलं पत्र

गेल्या सोमवारी इंटरनेटवाल्यांचा निरोप आला: महिनाअखेर मेलसेवा बंद होतेय, हवं ते उतरवून घ्या. कनेक्शनबरोबर मिळालेला तो पत्ता मी बावीस वर्षं वापरला. अण्णांच्या सगळ्या मेल त्यावरच आल्या. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली.

मेलआधी अण्णा निळं इनलँड लिहायचे. त्याच्या कडांना डिंक असायचा, पण अण्णांचा त्यावर भरवसा नव्हता. जेवून उठताना ताटातली दोन शितं घ्यायची, अंगठ्याने चिरडून कोपऱ्यांवर दाबायची आणि वर पितळी वाटी पालथी ठेवायची. ‘फटीतून दोन ओळी सहज वाचता येतात,’ म्हणायचे. वसतिगृहात पत्र उघडताना कोपरा हमखास फाटायचा आणि ‘आशीर्वाद’मधला ‘द’ वाळलेल्या शिताबरोबर जायचा.

१९८६ साली संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती मंजूर केली होती. लोकांची पत्रं अडवायचा, उघडायचा सरकारचा अधिकार त्यामुळे वाढणार होता. राष्ट्रपती झैलसिंगांनी सही केलीच नाही. अण्णांना त्या माणसाचं केवढं कौतुक!

मेलला शीत लावता येत नाही. वाटेत मजकूर आता बहुधा सांकेतिक होऊन जातो, पण सर्व्हरवर पोचला की किल्ल्या कंपनीकडे. अण्णांच्या आजारपणात मेल उतरेनात, म्हणून मी फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, एक मोठी फाइल अडकलीये. ‘बायोप्सी रिपोर्ट’. काढून टाकू?” मुलगा भला होता, मदतच करत होता. पण तोवर मी आईलासुद्धा काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरातली ती बातमी त्याला आधी कळली. तो राग अजून गेलेला नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या संध्याकाळची अण्णांची मेल काल उतरवताना सापडली. एकच ओळ: ‘आता शीत नको.’

पुढे शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना भात गिळवेना. आई पेज गाळून द्यायची. गाळणीतली शितं खिडकीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी ठेवायची.