वेल्ह्याच्या ओढ्यांतील नेचा

दिवाळीच्या सुटींत भोरहून वेल्ह्यास गेलों, तेव्हां पुतण्या बरोबर होता. जीवाश्म शोधण्याचें त्यास भारी वेड. तोरण्याच्या पायथ्याशीं ओढ्यांतील एका दगडावर पानासारखी काळी नक्षी दिसतांच तो ओरडला, “काका, नेचा! दगड झालेला नेचा!”

त्याचा हिरमोड करणें मला जड गेलें. हे डोंगर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचे. त्या धगींत नाजूक पान टिकणार कसें? भेगेंत झिरपलेल्या पाण्यानें मँगनीजचें पूट ठेविलें, त्याचीच ती नक्षी. जीवाश्म मिळतात ते बहुधा दोन थरांमधील गाळांत. मुंबईस वरळीच्या टेकडींत असे इवले बेडूक सांपडले. १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं त्यांचें वर्णन केलें.

तो क्षणभर गप्प राहिला. मग वहींतील “जीवाश्म” हा शब्द खोडून त्यानें लिहिलें : “मँगनीज. वेल्हें, ओढा.”

दगडांच्या पोकळींतील झिओलाइटचे शुभ्र स्फटिकहि त्यानें घरीं आणिले. परंतु त्या दिवसाचा उत्तम शोध मला विचाराल, तर तो खोडलेला शब्दच होय.