वणव्याचा धूर

३ डिसेंबर २०१८, सोमवार. आमचं ऑफिस तेव्हा गोरेगाव पूर्वेला आयटी पार्कमध्ये होतं. संध्याकाळी पलीकडचा डोंगर पेटला आणि आम्ही सगळे कोड सोडून खिडकीशी, मोबाईल बाहेर! थोड्या वेळाने एसीतून धुराचा वास यायला लागला. माझं डोकं दुखायला लागलं, मग मी सरळ मुलुंडला घरी निघून आलो.

अग्निशमन दल, वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक मात्र रात्रभर तिथे होते. डोंगरावर बंब चढत नाही. तिथे हिरव्या फांद्यांनी आग झोडपायची असते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनकाकांना फोटो दाखवले. काका शहापूरकडचे, पूर्वी उन्हाळ्यात रोजंदारीवर वणवे विझवायचे. म्हणाले, "जाळ दिसतो, माणूस बाजूला होतो. वाईट ते मागनं धुमसतं ते."

काकांचं बरोबर होतं हे मला पुढे वाचताना कळलं. ज्वाळा बसल्यावर अर्धवट जळणाऱ्या ओंडक्यातून कार्बन मोनॉक्साईड जास्त निघतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. वर धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन, म्हणजे बघा! तोंडावरचा ओला रुमाल यातलं फारसं काहीच अडवत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. इमारतीच्या आगीत जवान पाठीवर हवेचा सिलिंडर घेतात, पण तो जड, आणि अर्ध्या-पाऊण तासात संपतो. डोंगरावर दहा तास कसा पुरणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम थेट पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोग होतो हे नक्की. तंबाखू त्याच गटात आहे. वणवेवालेही त्यात धरलेत. आधी हे काम नुसतं 'शक्यता आहे' वाल्या गटात होतं.

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे काकांना हल्ली दोन जिने चढले की दम लागतो. गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेलो. बिडी ओढता? नाही. घरी चूल होती? होती. झालं, कागदावर 'चूल' लिहिलं. वणव्याचं कोणी विचारलंच नाही, आणि काका स्वतःहून सांगणाऱ्यातले नाहीत. मीही गप्प बसलो, याची लाज वाटते. आमच्याकडे साधा सर्व्हर बंद पडला तरी आधी लॉग बघतात. काकांच्या छातीचा लॉग कुठे आहे? हंगामी मजुराचा हजेरीपट हंगामापुरता.

या शनिवारी गेटवर बसून पुढच्या तपासणीसाठी मी तो कागदावर लिहून काढला. वणव्याचे हंगाम किती? काकांनी बोटांवर मोजले, सोळा. प्रत्येक वेळी किती दिवस?

"दिवस कोन मोजतंय दादा. शिमग्यापासनं पहिला पाऊस पडंस्तोवर, असं लिवा."

तसंच लिहिलं.